कुलर बसवूनही ९२ डिग्री? गॅरेजकडून उत्तर

नमस्कार सर,

'गिअरबॉक्सच्या ऑईलचा कुलर बसवला, पैसे गेले, तरी गिअरबॉक्स ९२ दाखवतोच, वर गाडी दिवसभर अडकवली आणि आता खाली थेंब पडतात' असं तुम्ही लिहिलंय. बाकीचेही वाचतात, म्हणून इथेच सांगतो.

९२ ही तक्रार होऊच शकत नाही. टॉर्क कन्व्हर्टरवाल्या, म्हणजे इंजिनचा जोर ऑईलमधून पुढे देणाऱ्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑईल साधारण ८० ते ९५ डिग्रीला असावं. कुलर बसवण्याआधी गायमुखच्या चढावर, एसी चालू, पुढे ट्रेलर, तेव्हा स्कॅनरवर (गाडीच्या सेन्सरचे आकडे दाखवणारं यंत्र) ११८ होते. तुम्ही शेजारीच बसला होतात. काढलेलं ऑईल तपकिरी झालं होतं, करपल्याचा वास येत होता. घोडबंदरला गाडी रांगते तेव्हा कन्व्हर्टरचं लॉकअप (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारी पकड) लागत नाही, ऑईल आतल्या आत घुसळत राहतं आणि तापतं. त्यात पुढच्या जाळीतून वाराही नाही.

कुलरने हा वरचा ताप उतरवायचा, ऑईल थंडगार करायचं नाही. गार ऑईल घट्ट असतं, गिअर उशिरा पडतात. म्हणून ऑईलला ऊब देणारी रेडिएटरमधली लाईन आम्ही तशीच ठेवली. ऑईल आधी तिथून, मग नव्या कुलरमधून गिअरबॉक्सकडे परत जातं. काहीजण रेडिएटर बायपास करून मोकळे होतात. मला ते पटत नाही. तसंच जाळीत प्लास्टिकचे टाय ओवून कुलर लटकवणंही. हादऱ्यांनी फिन्स, म्हणजे कुलरच्या पातळ पट्ट्या, कापल्या जातात. तुमच्या गाडीला ब्रॅकेट बनवून लावलंय, बिलात ते वेगळं लिहिलंय.

दिवस गेला तो पातळी बघण्यात. तुमच्या गाडीच्या गिअरबॉक्सला डिपस्टिक (ऑईल मोजायची पट्टी) नाही. तापलेलं ऑईल फुगतं, म्हणून ट्रायलहून आलेली गाडी आधी पूर्ण निवू द्यावी लागते. मग इंजिन चालू ठेवून, ऑईल ४० च्या आसपास आलं की खालचा प्लग उघडायचा. धार तुटून थेंब पडायला लागले की पातळी बरोबर. गरम गाडीत घाईने बघितलं असतं तर ऑईल कमी राहिलं असतं.

थेंबांचं म्हणाल तर एसीचं पाणी पडतंच. तरी रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा ठेवा. सकाळी लालसर, तेलकट डाग दिसला तर गाडी सुरू करू नका, फोन करा, आमचा माणूस सोसायटीत येईल. डाग नसेल तर पैसे परत द्यायचं कारण मला दिसत नाही. कसाऱ्याला निघण्याआधी मात्र एकदा येऊन जा, स्कॅनर लावून बघू. त्याचे पैसे घेत नाही.