ऑर्गॅनिक खाल्लं की कोरोना होत नाही? त्या फॉरवर्डला उत्तर

2020 च्या लॉकडाऊनपासून एक मेसेज फॅमिली ग्रुप, सोसायटी ग्रुप असा सगळीकडे फिरला आणि मधूनमधून अजूनही येतो. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं, की ऑर्गॅनिक खाणाऱ्यांची इम्युनिटी इतकी भारी असते की त्यांना कोरोना होत नाही, आपले पूर्वज सगळं ऑर्गॅनिकच खायचे म्हणून साथी त्यांच्या वाऱ्यालाही उभ्या राहिल्या नाहीत, ऑर्गॅनिक भाजीला काही मारलेलंच नसतं म्हणून धुवायची गरज नाही, आणि महाग तोच अस्सल, तेव्हा महाग पडलं तरी घ्या कारण हॉस्पिटलच्या बिलापेक्षा स्वस्तच पडेल. मी स्वतः जमेल तेवढा सेंद्रिय माल घेते, सेंद्रिय शेती वाढावी असं मनापासून वाटतं, आणि म्हणूनच हा मेसेज मला जास्त खुपतो.

आधी पूर्वजांचं बघू. 1896 ला मुंबईत प्लेग आला, पुढच्या वर्षी पुण्यात पसरला, आणि त्याच साथीत रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले 10 मार्च 1897 ला गेल्या. मग 1918 चा इन्फ्लुएंझा, तोही मुंबई बंदरातून शिरला आणि देशभरात 1 कोटीहून जास्त माणसं घेऊन गेला. तेव्हा शेतात शेणखत होतं, युरियाची गोणी गावात यायला अजून कितीतरी वर्षं होती, म्हणजे या मेसेजच्या हिशोबाने सगळा देशच ऑर्गॅनिक खात होता. उलट 1918 ला पाऊस दगा देऊन गेला होता, लोकांच्या पोटात पुरेसं अन्नच नव्हतं आणि उपाशी शरीराला साथ झेपली नाही. त्यामुळे "पूर्वी साथी नव्हत्या" हे वाचलं की मला खरंच वाईट वाटतं, इतकी माणसं गेली आणि आपण ती विसरून गेलो.

आजचं उदाहरण हवं असेल तर सिक्कीम घ्या. 2016 ला ते राज्य पूर्ण सेंद्रिय म्हणून जाहीर झालं. 2020 मधे तिथे 23 मेपर्यंत एकही पेशंट नव्हता, पण त्याचं कारण म्हणजे त्यांनी मार्चमधेच पर्यटकांना बंदी घातली होती. बाहेरून माणसं परत यायला लागल्यावर तिथेही कोरोना पोचलाच.

आता इम्युनिटी. 2012 ला स्टॅनफर्डच्या संशोधकांनी तोवरचे शेकडो अभ्यास एकत्र तपासले, त्यात ऑर्गॅनिक मालावर कीटकनाशकांचे अंश कमी सापडतात हे दिसलं पण जीवनसत्त्वांमधे फारसा फरक दिसला नाही. 2014 च्या दुसऱ्या एका मोठ्या आढाव्यात काही अँटिऑक्सिडंट जास्त आणि कॅडमियम हा विषारी धातू कमी निघाला, ते पण मान्य करू. पण इथून "म्हणून व्हायरस लागत नाही" पर्यंत उडी मारायला कुठलाच आधार नाही. डब्ल्यूएचओ सांगते की रोज किमान 400 ग्रॅम फळं-भाज्या खा, साध्या की ऑर्गॅनिक हा प्रश्न त्यानंतरचा. आणि नेमकं इथेच नुकसान झालं, कारण ज्या घरात पगार निम्म्यावर आला होता तिथेही भीतीपोटी महागातली अर्धा किलो भाजी आणली गेली आणि ती चौघांत पुरवली गेली, त्यापेक्षा साध्या बाजारातली दोन किलो पालेभाजी, गाजर, वर डाळ नाहीतर अंडी हे कितीतरी बरं होतं.

धुवायची गरज नाही हे तर सरळ धोक्याचं. सेंद्रिय शेतातही फवारणी होते, दहा झाडांच्या पाल्याचा दशपर्णी अर्क असतो, निंबोळी अर्क असतो, मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण पण नियमात राहून चालतं. शेणखताच्या मातीतली भाजी आहे, वर तोडणाऱ्याचे, भरणाऱ्याचे, डिलिव्हरीवाल्याचे हात लागलेले असतात. वाहत्या स्वच्छ पाण्याखाली नीट धुवा, दोन्ही प्रकारची. साबण मात्र नको, लॉकडाऊनमधे कित्येक घरांत साबणाने भाज्या धुतल्या गेल्या आणि तो पोटात जाणं चांगलं नाही.

महाग म्हणजे अस्सल, हा मुद्दा मला सगळ्यात जास्त बोलायचाय. मे 2020 मधे वाशीचं एपीएमसी हे घाऊक मार्केट आठवडाभर बंद होतं, पुण्याचं मार्केट यार्ड पण मधे बंद राहिलं, तेव्हा शेतकरी गट थेट सोसायटीच्या गेटवर माल द्यायला लागले आणि ते खूप चांगलं झालं. पण त्याच गर्दीत "विषमुक्त", "नैसर्गिक", "रेसिड्यू फ्री" असे स्टिकर लावून काहीही विकलं गेलं. रेसिड्यू फ्री मालात रासायनिक औषधं वापरलेली असू शकतात, फक्त काढणीच्या वेळी अंश उरू नयेत अशी काळजी घेतलेली असते, तो ऑर्गॅनिक नव्हे. पॅकिंगचा माल असेल तर एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा ऑर्गॅनिक लोगो आणि सोबत एनपीओपी (मान्यताप्राप्त एजन्सीने तपासून दिलेलं) किंवा पीजीएस (शेतकरी गटांनी एकमेकांची शेतं तपासून दिलेलं) सर्टिफिकेशन बघा. वर्षाला 12 लाखांपर्यंत उलाढाल असलेला छोटा शेतकरी थेट ग्राहकाला विकत असेल तर त्याला सर्टिफिकेटमधून सूट आहे, त्यामुळे कागद नाही म्हणून त्याला लबाड ठरवू नका, त्याला विचारा की जमीन किती वर्षं सेंद्रिय केलीय, किडीला काय मारता, शेत बघायला येऊ का. हंगामी पिकाला जमीन बदलायला साधारण दोन वर्षं जातात, फळबागेला तीन, त्या काळात उत्पन्न पण पडू शकतं, आणि इतकं सोसलेला माणूस या प्रश्नांची उत्तरं तासभर देईल.

मग ऑर्गॅनिक घ्यायचंच कशाला असं कुणी विचारेल. 2017 ला यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो जण दवाखान्यात होते, काहींची नजर गेली. आपल्या ताटात येतो तो औषधाचा अंश, पाठीवर पंप घेतलेल्या माणसाच्या अंगावर सगळं औषध पडतं. त्याच्यासाठी आणि त्याच्या जमिनीसाठी चार पैसे जास्त द्यायची ऐपत असेल तर जरूर द्या. पण कोरोना होईल या भीतीने आलेलं गिऱ्हाईक साथ ओसरली की निघून जातं, आणि त्या मागणीच्या भरवशावर ज्याने दोन एकर सेंद्रिय करायला घेतली त्याचा माल पडून राहतो.