कानातले थेंब, लसणीचं तेल आणि एका आईचा राग

दांडिया बाजारातल्या ताई, नमस्कार.

पावसाळ्यातल्या कानदुखीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही रागावून लिहिलंत. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. तुमचा तेरा वर्षांचा मुलगा पोहायला जातो. त्याच्या कानात ठणका लागला, एका डॉक्टरांनी बॅटरीने वरवर बघून थेंब लिहून दिले. आठ दिवस थेंब घालूनही कान वाहतोच आहे आणि खाज वाढली आहे. वर तुमचा सवाल : "सरळ गोळ्या दिल्या असत्या तर? आणि तेलाला नावं कशाला ठेवता? माझ्या सासूबाईंना मधुमेह आहे, तरी ऐंशीव्या वर्षी लसणीचं तेल घालतात, कान ठणठणीत!"

आधी माझी चूक. "बाहेरच्या कानाच्या जंतुसंसर्गाला थेंब पुरतात" असं मी लिहिलं, पण "कान साफ केल्यावर" हे तीन शब्द राहून गेले. सगळा उपचार त्या तीन शब्दांत होता. मूळ लेखात आज ते घातले आहेत.

कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटरची, एकाच तोंडाची पोळ, म्हणजे बंद गल्ली, असते तशी, शेवटी पडदा. मळ तिच्या बाहेरच्या भागातच तयार होतो. तो आम्लधर्मी आणि तेलकट असतो, पाणी टिकू देत नाही, जंतूंना वाढू देत नाही. कातडीही पडद्याकडून बाहेर सरकत असते आणि मळाला सोबत आणते. रोज पोहणाऱ्याचा हा मळ धुऊन जातो, कातडी भिजून फुगते, खाज सुटते, मग बड नाहीतर पेनचं टोपण आत जातं. ओरखडा उठला की पाण्यात राहणारा स्युडोमोनास नावाचा जंतू किंवा कातडीवरचा स्टॅफिलोकोकस तिथे घर करतो. मग पू, मेलेली कातडी आणि मळ यांचा लगदा नळी भरून टाकतो. त्यावर थेंब घातले तर ते लगद्यावरच बसतात. तुमच्या मुलाचं बहुधा असंच झालं असावं, किंवा मग बुरशी.

गेल्या श्रावणात एक कॉलेजचा मुलगा आला होता. तीन आठवडे अँटिबायोटिक थेंब घालून कानाला दडे बसलेले, खाजेने झोप नाही. सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर आत राखाडी लगदा, भिजलेल्या वर्तमानपत्राच्या तुकड्यासारखा, त्यावर बारीक काळे ठिपके. ही अ‍ॅस्परजिलस बुरशी. अँटिबायोटिकने जंतू मेले, तिला मोकळं रान मिळालं. सक्शनने तो लगदा ओढून काढला तेव्हा त्याला पहिल्यांदा पंख्याचा आवाज नीट ऐकू आला. मग बुरशीचे थेंब आणि कान कोरडा ठेवणं, एवढ्यानेच तो बरा झाला. अशा कानाला अँटिबायोटिक गोळ्यांनी काय होणार होतं?

जंतूंच्या बाबतीतही तेच. थेंबांतून औषध ज्या ताकदीने कातडीवर पोचतं, त्याच्या शंभराव्या हिश्श्यानेही ते गोळीतून पोचत नाही. शिवाय नेहमीची अमॉक्सिसिलिनची गोळी स्युडोमोनासवर चालतच नाही. लाली कानाबाहेर पसरली, ताप आला, मधुमेह असला, तर गोळ्या मी स्वतः देते. नळी सुजून बंद झाली असेल तर आत वात ठेवते, ती थेंब शोषून खोलवर नेते.

घरी एक तपासा. कानाच्या भोकापुढचं छोटं टोक हलकेच दाबा, नाहीतर कान वर-मागे ओढा. पोरगं कळवळलं तर दुखणं बाहेरच्या नळीतलं. सर्दीनंतर दुखू लागलं आणि दाबून काहीच वाटत नसेल तर पडद्यामागचं असू शकतं, त्याचा उपचार निराळा.

थेंब घालताना बाटली मुठीत धरून कोमट करा, मुलाला कुशीवर झोपवा, थेंब घातल्यावर तेच टोक चार-पाचदा दाबा आणि पाच मिनिटं उठू देऊ नका. आंघोळीला व्हॅसलिन लावलेला कापसाचा बोळा. पोहणं आठ-दहा दिवस बंद. दोन-तीन दिवसांत ठणका ओसरला नाही तर कान पुन्हा साफ करून घ्यायला हवा.

तेलाचं म्हणाल तर उबेने बरं वाटतं, ते खरंच आहे. ती ऊब कोरड्या फडक्याच्या शेकानेही मिळते. पण पडद्याला भोक असेल तर तेल सरळ आत उतरतं, आणि भोक आहे की नाही ते घरी कळत नाही. निओमायसिन, जेंटामायसिन या अँटिबायोटिकांचे थेंबही अशा कानात आतल्या कानाला इजा करू शकतात. म्हणून आधी पडदा बघावा लागतो.

मला खरी काळजी सासूबाईंची वाटते. मधुमेही वयस्कर माणसाच्या कानातला साधा ओरखडाही कधीकधी जंतूंना कवटीच्या हाडापर्यंत वाट करून देतो. रात्री झोपू न देणारं दुखणं, थेंबांना न जुमानणारा पू, तोंड एका बाजूला वाकडं होणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे न्या. त्यांच्या पदराला हेअरपिन टाचलेली असलीच, तर ती कान कोरण्यासाठी नसेल, अशी मनापासून आशा करते. मुलाला आणाल तेव्हा त्यांनाही आणा, दोघांचेही कान मी बघते.