जनुक चाचणी निगेटिव्ह आली की काळजी मिटली? एक खुलासा

पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मजकूर फिरतोय: 'पन्नाशीआधी मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला तर तो आनुवंशिकच. घरच्यांनी जनुक चाचणी करावी. निगेटिव्ह आली की काळजी मिटली.'

यातलं पहिलं आणि शेवटचं वाक्य चुकीचं आहे. पन्नाशीच्या आतल्या रुग्णांपैकी साधारण सहांतल्या एकातच आनुवंशिक दोष सापडतो. त्यांत लिंच सिंड्रोम, म्हणजे मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा जनुकदोष, प्रमुख. आई किंवा वडिलांत तो असला, तर प्रत्येक अपत्यात येण्याची शक्यता ५० टक्के, मुलगा असो वा मुलगी.

शेवटचं वाक्य जास्त घातक. चाचणी शक्यतो आधी रुग्णाची करायची. त्याच्यात दोष सापडला आणि भावंडात तोच दोष नसला, तरच त्या 'निगेटिव्ह'ला खरा अर्थ. रुग्णाची तपासणीच झाली नसेल, तर भावाच्या रिपोर्टवर विसंबून कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची आतून तपासणी) टाळू नका. सख्ख्या नातेवाइकांनी ती चाळिसाव्या वर्षी, किंवा रुग्णाला निदान झालं त्या वयाच्या १० वर्षं आधी, जे लवकर येईल तेव्हा सुरू करावी. लिंच असल्यास बहुतेकांना २० ते २५ व्या वर्षापासूनच, दर एक-दोन वर्षांनी.

आणि शौचातून रक्त जात असेल, तर तिशीतही 'मूळव्याध असेल' म्हणून कृपया घरी थांबू नका.