विष्णुपंत छत्रे : एका पैजेपेक्षा खूप मोठा माणूस

सर्कस हा माझ्या आयुष्यभराचा ध्यास आहे. गावाबाहेरच्या मैदानावर तंबू उभा राहिला आणि मी गेलो नाही, असे मला आठवत नाही. त्यामुळे विष्णुपंत छत्रे यांच्याविषयी लिहिताना मी तटस्थ असल्याचा आव आणणार नाही. भारतीय सर्कशीच्या या जनकाला आपण ओळखतो, पण फार थोडे ओळखतो, आणि ते थोडेही नेहमी एकाच गोष्टीतून, असे माझे स्पष्ट मत आहे.

ती गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. १८८० च्या आसपास जुझेप्पे कियारिनी या इटालियन मालकाची सर्कस मुंबईत आली होती. भारतीयांना असे खेळ उभे करायला अजून बराच काळ लागेल, अशा अर्थाचे काही तो बोलला, ते विष्णुपंतांना लागले आणि त्यांनी पैज घेऊन थोड्याच काळात स्वतःची सर्कस उभी करून दाखवली, अशी ही हकीकत सांगितली जाते. पैजेच्या रकमेपासून पहिल्या खेळाच्या तारखेपर्यंतचे तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात. स्वाभिमानाची ही कथा मलाही प्रिय आहे. मात्र ती एवढीच सांगून थांबले, की रागाच्या भरात एका हट्टी माणसाने काही महिन्यांत सर्कस काढली, असा समज होतो आणि त्यामागची कित्येक वर्षांची तालीम झाकली जाते.

विष्णुपंत मुळात घोड्यांचे माणूस होते. सांगली भागातल्या अंकलखोप गावचा हा तरुण उत्तरेत गेला, ग्वाल्हेरला बाबासाहेब आपटे यांच्याकडे अश्वविद्या शिकला आणि पुढे कुरुंदवाड संस्थानच्या आश्रयाने त्याने घोडे तयार करण्यात नाव कमावले. ही बाब किती महत्त्वाची आहे, हे सर्कशीचे रिंगण नीट पाहिल्याशिवाय कळत नाही. आधुनिक सर्कशीचा पाया लंडनमध्ये १७६८ मध्ये फिलिप ॲस्टली याने घातला आणि तोही मूळचा घोडदळातलाच सैनिक होता. रिंगणाचा जगभर रूढ झालेला ४२ फुटांचा, म्हणजे सुमारे १३ मीटरचा व्यास घोड्याच्या चालीवरून ठरला आहे. या वर्तुळात घोडा एका संथ, समान लयीत दौडू लागला की तो आत झुकतो, त्याच्या पाठीवर उभा असलेला स्वारही आत झुकतो आणि त्या झुकण्यातच त्याचा तोल सांभाळला जातो. पाय घसरू नयेत म्हणून घोड्याच्या पाठीवर राळेची पूड टाकतात. पुढच्या रांगेत बसले की स्वाराची नजर कुठे आहे, हे दिसते. ती पायांकडे कधीच नसते. ती घोड्याच्या कानांवरून पुढे गेलेली असते. त्याचे गुडघे मात्र प्रत्येक टापेबरोबर किंचित वाकत आणि सुटत असतात. घोड्याची लय क्षणभर जरी चुकली, तरी वरचा माणूस खाली येतो. म्हणजे कसरत करणाऱ्याइतकेच श्रेय, किंबहुना काकणभर अधिकच, तो घोडा तयार करणाऱ्याचे असते.

म्हणून मला वाटते की, कियारिनीचे खेळ पाहताना विष्णुपंतांना जे दिसले, ते इतर प्रेक्षकांना दिसलेच नसणार. इतर लोक चमत्कार पाहत होते आणि हा माणूस ती चाल, ते वळण आणि चाबकाचा इशारा ओळखत होता. रिंगणाच्या मधोमध जे घडत होते, ते त्यांना अगोदरच येत होते. तंबू, सामान, जाहिरात आणि मुक्काम-दरमुक्काम प्रवास हे सारे त्यांना नव्याने शिकायचे होते आणि ते त्यांनी विलक्षण वेगाने शिकून घेतले. त्यांची ‘ग्रेट इंडियन सर्कस’ देशभर फिरली, श्रीलंकेत आणि आग्नेय आशियातही गेली. माणसे, जनावरे आणि सामान घेऊन त्या काळी समुद्र ओलांडणे म्हणजे काय, याचा विचार केला तरी माझी छाती दडपते.

पुढे दक्षिण महाराष्ट्राची ही भूमी सर्कशींचे आगरच झाली. कार्लेकर, देवल, शेलार ही नावे जुन्या पिढीच्या तोंडी सहज असत. पुण्यात १९०२ मध्ये जन्मलेले दामू धोत्रे सर्कशीतच वाढले आणि १९४० मध्ये अमेरिकेच्या रिंगलिंग ब्रदर्स सर्कशीत वाघ, सिंह आणि बिबळ्यांसह उभे राहिले. या सगळ्यांच्या आधी एक घर होते, ते छत्र्यांचे.

तरीही विष्णुपंतांमधला खरा खेळिया मला सर्वांत अधिक दिसतो तो केरळात. १८८० च्या दशकाच्या अखेरीस त्यांची सर्कस तलश्शेरीला गेली. तिथे त्यांची भेट कीलेरी कुञ्ञिकण्णन या कळरी, म्हणजे केरळची पारंपरिक युद्धकला, आणि व्यायामविद्येच्या शिक्षकाशी झाली. सर्कशीसाठी कसरतपटू तयार करण्याची कल्पना या भेटीतून पुढे आली आणि कुञ्ञिकण्णन यांनी १९०१ मध्ये तलश्शेरीजवळ चिरक्करा येथे सर्कस शिकवणारी शाळाच काढली. त्या मातीतून शेकडो कलावंत आणि अनेक सर्कशी उभ्या राहिल्या. पुढे १९५१ च्या १५ ऑगस्टला गुजरातमधल्या बिलिमोरा येथे ज्यांनी जेमिनी सर्कस सुरू केली, ते एम. व्ही. शंकरन याच परंपरेत शिकलेले होते. २०२३ मध्ये ते वारले, तेव्हा एक संपूर्ण युग मिटल्यासारखे मला झाले. आज भारतीय सर्कस म्हटले की केरळचे नाव आधी येते आणि ते रास्तच आहे. पण मुलूख अनोळखी, भाषा अनोळखी, असे असताना दुसऱ्याच्या आखाड्यातली विद्या ओळखणे, तिला हात जोडणे आणि ‘तुमची मुले माझ्या रिंगणात येऊ द्या’ म्हणणे, याला फार मोठे मन लागते. स्वतःची कला कुलुपात ठेवणारे मालक पुष्कळ होऊन गेले. विष्णुपंत त्यांतले नव्हते.

आता सर्कशीचे दिवस पालटले आहेत. वाघ, सिंह, अस्वल, माकड यांच्या खेळांवरील बंदी २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली, २०११ मध्ये लहान मुलांना सर्कशीत काम करण्यास मनाई झाली, आणि हे दोन्ही निर्णय योग्यच होते असे मी मानतो. सर्कसप्रेमी म्हणून मला त्याचे दुःख नाही. झुल्यावरून सुटलेला कलावंत समोरच्या कॅचरच्या, म्हणजे त्याला झेलणाऱ्या जोडीदाराच्या, मनगटांना जिथे भिडतो, तो एक क्षण आजही तंबूभर श्वास रोखून धरतो, आणि त्यासाठी पिंजऱ्याची गरज नाही. दुःख आहे ते रिकाम्या खुर्च्यांचे.

विष्णुपंतांविषयीच्या माझ्या आदराचे शेवटचे कारण रिंगणाबाहेरचे आहे. ग्वाल्हेरच्या मुक्कामात ते ग्वाल्हेर घराण्याचे थोर गायक हद्दू खाँसाहेब यांच्याकडे गाणेही शिकले होते. या गुरूचे चिरंजीव रहिमत खाँ, ज्यांना पुढे ‘भूगंधर्व’ म्हटले गेले, मनाने विकल होऊन भटकत होते. विष्णुपंतांना ते काशीत सापडल्याचे सांगतात. त्यांनी खाँसाहेबांना बरोबर आणले, सांभाळले, सर्कशीबरोबर गावोगाव नेले आणि त्यांचे गाणे लोकांपर्यंत पोहोचवले. ज्यांच्या किराणा गायकीने पुढे महाराष्ट्राला वेड लावले, त्या अब्दुल करीम खाँसाहेबांवर रहिमत खाँच्या गाण्याचा मोठा प्रभाव होता. जनावरांच्या वैरणीपासून कलावंतांच्या पगारापर्यंत रोजचा खर्च अंगावर असताना, ज्याचे वागणे कोणत्या क्षणी कसे असेल याचा भरवसा नाही, अशा एका थोर गवयाला घरच्या माणसासारखे जपणे, हे मला त्यांच्या कोणत्याही अश्वविद्येपेक्षा कमी वाटत नाही.

१९०५ मध्ये विष्णुपंत गेले. त्यानंतर त्यांचे बंधू काशिनाथपंत यांनी खाँसाहेबांचा सांभाळ त्याच आस्थेने केला आणि १९२२ मध्ये कुरुंदवाडलाच रहिमत खाँचे निधन झाले. त्यांच्या उतारवयातली काही ध्वनिमुद्रणे आज सहज ऐकता येतात. माझ्या सर्कसप्रेमी मित्रांनी ती जरूर ऐकावीत आणि ऐकताना हा आवाज एका सर्कसवाल्याने आपल्यासाठी राखला, हे ध्यानात ठेवावे, एवढी माझी विनंती आहे.