गॅस काढला म्हणून शेणाचा कस जात नाही

‘सरकार कोट्यवधींचे अनुदान देऊन शेतातले खत कंपन्यांच्या टाक्यांत घालत आहे, गॅस निघाला की उरतो तो निव्वळ चोथा, आणि उद्या याच गॅससाठी ज्वारीच्या रानात गवत लावायला सांगतील’ अशा आशयाचा बायोगॅस प्लांटविरुद्धचा मजकूर शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत फिरत आहे. यातील एक आक्षेप साफ चुकीचा आहे, दोन अर्धवट आहेत, आणि जो खरा आक्षेप घ्यायला हवा तो त्यात नाहीच.

चोथ्याचा मुद्दा आधी घेऊ, कारण गोबरगॅसच्या काळापासून तो ऐकू येतो. बंद टाकीत शेण कुजताना बाहेर पडणारा वायू मुख्यतः मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड असतो. नत्र, स्फुरद आणि पालाश स्लरीत, म्हणजे टाकीत उरणाऱ्या पातळ काल्यातच राहतात. उलट नत्राचा बराचसा भाग अमोनियाच्या रूपात आल्याने पिकाला तो लवकर लागू पडतो. त्याच कारणाने स्लरी उन्हात उघडी पसरली तर नत्र उडून जाते, म्हणून ती लगेच मातीआड करावी लागते. सेंद्रिय कर्बाचा काही भाग गॅसबरोबर जातो हे खरे. पण उघड्या उकिरड्यातूनही कर्ब हवेतच जातो, सोबत नत्रही नेतो, आणि गोवऱ्या थापल्या तर दोन्ही चुलीत जातात.

अनुदानाचा आकडा मात्र नीट वाचायला हवा. राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रमात नव्या सीबीजी (शुद्ध करून दाबाखाली भरलेला बायोगॅस) प्लांटला दररोज 4,800 किलो क्षमतेमागे 4 कोटी रुपये मिळतात आणि एका प्रकल्पाला कमाल 10 कोटी. याशिवाय 2023 मध्ये मंजूर झालेल्या योजनेनुसार प्लांटच्या खताच्या विक्रीवर टनामागे 1,500 रुपये साहाय्य आहे. रक्कम लहान नाही, पण देश आपल्या गरजेचा जवळपास निम्मा नैसर्गिक वायू आयात करतो आणि युरियाच्या प्रत्येक गोणीमागे सरकार पैसे मोजते, हे सोडून तिची तुलना करता येत नाही.

गवताची भीती अगदीच निराधार नाही. जर्मनीत बायोगॅससाठी मक्याखालील क्षेत्र इतके वाढले की 2012 पासून नव्या प्लांटमधील मका आणि धान्याच्या वापरावर मर्यादा घालावी लागली. आपल्याकडे भर शेण, भाताचा पेंढा आणि साखर कारखान्यांच्या प्रेसमडवर, म्हणजे उसाचा रस गाळून उरणाऱ्या गाळावर आहे. तरीही ‘नेपियर गवत लावा, आम्ही उचलू’ म्हणत गावोगाव आधी सभासद शुल्क गोळा करणाऱ्यांकडे प्लांट उभा आहे का, हे पाहूनच खिशात हात घालावा.

खरी अडचण कच्च्या मालाची आहे. एक टन सीबीजीसाठी सुमारे 25 टन प्रेसमड लागते, म्हणजे 4.8 टनांच्या प्लांटला रोज 120 टन. दिवसाला 5,000 टन ऊस गाळणाऱ्या कारखान्यात, उसाच्या साडेतीन टक्के धरले तर, रोज 175 टन प्रेसमड निघते. हंगाम 150 दिवसांचा धरला तर वर्षाला सव्वासव्वीस हजार टन, आणि प्लांट 330 दिवस चालवायचा तर गरज एकोणचाळीस हजार सहाशे टनांची. शिवाय साठवलेले प्रेसमड ढिगातच तापून कुजते आणि त्यातला गॅस प्लांटपर्यंत पोहोचतच नाही. 2018 मध्ये केंद्राच्या सीबीजीसाठीच्या ‘सतत’ योजनेने 2023-24 पर्यंत 5,000 प्लांटचे लक्ष्य ठेवले होते. त्याच्या जवळपासही आपण गेलो नाही, त्यामागे हा हिशोब मोठा आहे. 2025-26 पासून शहरी गॅस कंपन्यांना 1 टक्का आणि 2028-29 पासून 5 टक्के सीबीजी मिसळण्याचे बंधन घातल्याने गिऱ्हाईक मिळेल, पण माल त्यातून तयार होत नाही.

आणि जे प्रेसमड कारखान्याचे सभासद शेतकरी ट्रॉल्या भरून आपल्या रानात नेत असत, ते आता प्लांटकडे गेले तर स्लरीचे खत त्याच सभासदाला कोणत्या दराने परत मिळणार? केंद्राचे अर्थसाहाय्य गॅसच्या क्षमतेवर मोजले जाते, आणि खतावरील ते टनामागचे दीड हजार रुपयेसुद्धा शेतकऱ्याच्या खात्यात येत नाहीत.