पुन्हा वाचू नका म्हणणाऱ्या आमच्या साडूंना

साताऱ्याच्या आमच्या साडूंनी परवा एक मेसेज पाठवला. तुम्हालाही आला असेल, सध्या सगळ्याच ग्रुपवर फिरतोय. वर 'वाचा आणि विचार करा', खाली जोडलेले हात. मतलब असा, की माणूस वर्षाला वीस पुस्तकं वाचतो असं धरलं तरी चाळीस वर्षांत आठशेच होतात, आणि जगात पुस्तकं तर लाखो. म्हणून एकदा वाचलेलं पुस्तक पुन्हा उघडणं, एकदा बघितलेला सिनेमा पुन्हा लावणं म्हणजे आयुष्य वाया घालवणं. पुढं कारणं: गोष्ट कळली की मजा गेली, चांगलं असेल ते लक्षात राहतंच, तेच तेच बघणं ही पळवाट आहे, आणि शेवटी ठेवणीतला बाण, शास्त्रज्ञांनीही हे सिद्ध केलंय.

साडूंनी हा मेसेज मला तिसऱ्यांदा पाठवलाय. तिन्ही वेळा मी तो शेवटपर्यंत वाचला.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी आहे. हिशेबावर पोट चालतं, म्हणून आधी त्या आठशेकडं बघू. गुणाकार बरोबर आहे. पण मोजलंय काय? आमच्याकडं हळदीचा सौदा असतो तेव्हा आवक किती पोती झाली ते लिहिलं जातं, पण भाव काही त्या आकड्यावरून ठरत नाही. खरेदीदार पोत्यात हात घालतो, एक हळकुंड काढतो, मोडतो, आतला गाभा बघतो. मग खालून दुसरं काढतो, तेही मोडतो. 'एकदा बघितलंस की बाबा' असं त्याला कुणी म्हणत नाही.

वाचलेल्या पुस्तकांची मी १९९४ पासून वही ठेवलीय. नाव, लेखक, तारीख. मेसेज आल्यावर ती काढून बसलो. १९९७ सालच्या पानावर एकवीस नावं आहेत. त्यातली नऊ पुस्तकं कशाबद्दल होती ते मला सांगता येईना. अक्षर माझंच, एकापुढं तर 'उत्तम' असा शेराही मारलाय. काय उत्तम होतं, देव जाणे. म्हणजे जमेला एकवीस, हातात शिल्लक बारा. आणि त्या बारांतलं तरी किती खरं, ते पुढं सांगतो.

उलटी गोष्ट आमच्या आईची. गोंदवलेकर महाराजांच्या प्रवचनांचं पुस्तक तिच्या उशाशी असतं. त्यात तारीखवार एकेक प्रवचन आहे. आज जी तारीख, तेवढंच पान वाचायचं, मिटायचं. गेली तीसेक वर्षं हे चाललंय. साडूंच्या हिशेबानं आईनं तीस वर्षांत एक पुस्तक वाचलं. पानांच्या कडेला तिनं पेन्सिलीनं काहीबाही लिहिलंय. एका जूनच्या पानावर 'पाऊस नाही', त्याखाली वेगळ्या वर्षाचं 'पाऊस आला', त्याखाली 'अक्काला बरं वाटतंय'. प्रवचन तेच. एक तरी ओवी अनुभवावी, असं नामदेवांनी ज्ञानेश्वरीबद्दल म्हटलंय. वर्षाकाठी किती ओव्या उरकाव्यात, ते त्यांनी सांगितलेलं नाही.

आता 'गोष्ट कळली की मजा गेली' हा मुद्दा. हे सांगलीत येऊन बोलायचं म्हणजे कमाल आहे. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये इथंच, सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्यासमोर, पहिलं नाटक केलं, ते 'सीता स्वयंवर'. दरबारात बसलेल्यांपैकी एकालाही धनुष्य कोण उचलणार याची काळजी नव्हती. मराठी रंगभूमीचा नारळच शेवट माहीत असलेल्या गोष्टीवर फुटला. पुढं संगीत नाटकांत तर गोष्ट पुढं सरकू द्यायची नाही असंच प्रेक्षकांनी ठरवलेलं. पद आवडलं की वन्स मोअर, की नटानं तेच पद पुन्हा म्हणायचं. पात्र रडत असो, चिडलेलं असो, कथानक तिथंच थांबून राहायचं आणि कुणाची तक्रार नसायची. ज्यांना पुढं काय होतं एवढंच हवं होतं, ते घरी बसून कुणालातरी विचारू शकले असते.

तमाशातही तेच. कवलापूरच्या काळू-बाळूंचा वग आमच्या वडिलांनी किती जत्रांत बघितला त्याची गणती नाही. जुळे भाऊ, दोघांची हवालदारांची जोडी. वडील घरी येऊन सांगायचे ते असं, की 'आज त्या जागी बाळूनं नुसती टोपी सरळ केली, आणि माणसं लोळली.' टोपी कुठल्या जागी सरळ केली हे कळायला ती जागा आधी पाठ असावी लागते. पहिल्यांदाच बघणाऱ्याला ती नुसती टोपी.

शास्त्राचंच हवं असेल तर २०११ मध्ये अमेरिकेत सॅन दिएगोच्या दोन मानसशास्त्रज्ञांनी बारा लघुकथा घेऊन एक प्रयोग केला होता. काहींना शेवट आधीच सांगून टाकला, काहींना नाही. शेवट ठाऊक असलेल्यांना कथा जास्त आवडल्या. पण २०१५ मध्ये दुसऱ्या संशोधकांना याच्या उलट आढळलं. म्हणून मी त्या प्रयोगाच्या जिवावर उड्या मारत नाही. मला भाव्यांचा दरबार पुरे.

आता मेसेजमधला सगळ्यात पटण्यासारखा मुद्दा: चांगलं असेल ते लक्षात राहतंच, मग पुन्हा कशाला? इथं मला थोडं थांबायचंय, कारण या बाबतीत मी स्वतः तोंडावर पडलोय.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ साली आली. माडगूळकर आमच्याच जिल्ह्यातले, आटपाडी तालुक्यातल्या माडगूळचे. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर एक पोरगेला मास्तर जातो, शाळा चालवतो, तालीम बांधून घेतो, आणि शेवटी दुष्काळानं वाडी उठते. मी ती पहिल्यांदा नववीत वाचली. तेव्हा मला तालीम आवडली होती. आम्हीही गल्लीत एक तालीम काढावी असा विचार चार दिवस डोक्यात होता, मग परीक्षा आली.

दुसऱ्यांदा वाचली ती २०१३ मध्ये. दुकानाच्या कामानं आटपाडीकडं जाणं झालं होतं. तिथल्या चारा छावण्या बघितल्या. दावणीला बांधलेली जनावरं, ताडपत्रीखाली माणसं, टँकर आला की धावपळ. घरी आल्यावर पुस्तक काढलं आणि एका बैठकीत संपवलं. त्यानंतर कुणीही विचारलं तरी मी सांगायचो, 'बनगरवाडी ही दुष्काळाची कादंबरी, निम्मं पुस्तक दुष्काळच आहे.' एकदा तर शेजारच्या मास्तरांना हे ठासून सांगितलं. ते भिडस्त, काही बोलले नाहीत.

मग २०१९ चा ऑगस्ट. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फुटांवर आहे, त्या वर्षी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. आमचं घर गावभागात. पाणी उतरल्यावर परत आलो तर खालच्या दोन फळ्यांवरची पुस्तकं विटांसारखी झालेली. बहुतेक टाकली. 'बनगरवाडी' जाडीला लहान, तग धरून होती. दर चार पानांत वर्तमानपत्राचा तुकडा घालून पंख्याखाली उभी ठेवली. दिवसातून दोनदा तुकडे बदलायचे. आठ दिवसांनी वाळली, पण खालच्या कडेला गाळाची तपकिरी रेघ राहिली ती राहिलीच. दुष्काळाचं पुस्तक पुरात भिजलं, यावर बायको आणि मी त्या दिवसांतही हसलो.

आणि त्या वाळवण्याच्या निमित्तानं पान पान हाताखालून जाताना तिसऱ्यांदा वाचून झालं. दुष्काळ निम्म्या पुस्तकात नाहीच! तो अगदी शेवटी येतो. त्याआधी सगळं पुस्तक माणसांचं आहे. म्हातारा कारभारी, रामोशी, मेंढरं, बारकीसारकी भांडणं, चावडीतली शाळा. मी सहा वर्षं लोकांना जे सांगत होतो ते माझ्या डोक्यातलं पुस्तक होतं, माडगूळकरांचं नव्हे. आटपाडीच्या छावण्या मी त्यात नेऊन बसवल्या होत्या. मग असं का वाटलं असेल याचा विचार केला. दुष्काळ थोडक्यात आहे, पण तोवर त्या वाडीतल्या एकेका घराशी आपली ओळख झालेली असते, त्यामुळं एकेक माणूस निघून जाताना ते लांबल्यासारखं वाटतं. ही लेखकाची करामत आहे, आणि ती पहिल्या वाचनात दिसली नाही, दुसऱ्यात मला भुलवून गेली, तिसऱ्यात कळली. मेसेजवाल्याच्या सल्ल्यानं नववीतच थांबलो असतो तर 'बनगरवाडी म्हणजे तालमीची गोष्ट' हे माझं आजचं मत असतं. शेजारच्या मास्तरांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, 'मला वाटलं तुमच्याकडं वेगळी आवृत्ती असेल.'

पळवाटेबद्दल फार बोलायचं नाही. हो, असते पळवाट. त्याच पुरात आम्ही विश्रामबागेत मेव्हण्याकडं आठ जण दोन खोल्यांत होतो. रात्री वीज आली की त्याच्या पोरानं मोबाईल डब्याला टेकवून 'अशी ही बनवाबनवी' लावला. १९८८ चा सिनेमा, आठांपैकी आठांना तोंडपाठ, वाक्य यायच्या आधी कुणीतरी म्हणून मोकळा. घर पाण्यात आहे आणि माणूस ओळखीच्या जागी हसतोय, तर हसू दे की. नवीन काहीतरी गंभीर बघून त्या रात्री कुणाचा काय उद्धार होणार होता?

आणि गंमत म्हणजे तोही सिनेमा मला आता तसा दिसत नाही. वरची खोली भाड्यानं दिल्यापासून माझी सगळी सहानुभूती घरमालकांकडं गेलीय. नवराबायकोच भाडेकरू पाहिजेत म्हणणाऱ्या त्या बाईंना पूर्वी आम्ही खवट समजायचो. आता मी त्यांच्या जागी बसून, येणाऱ्या जोडप्यांकडं जरा निरखून बघतो.

टीव्ही चालू, सिनेमा चालू आणि बोट मोबाईलवर, असं जे चालतं ते मात्र पुन्हा बघण्यात धरू नये. ते पहिल्यांदा बघतानाही चालतंच.

राहिलं शास्त्र. मेसेजमध्ये नाव-गाव काही नाही, पण हे कुठून आलं असावं त्याचा अंदाज आहे. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी पुस्तक मिटून आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढं. आठवड्यानं विचारलं तर मिटून आठवणारे पुढं. २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या गेल्या, त्यातही पुन्हा वाचणं तळाच्या गटात गेलं. हे सगळं मला मान्य आहे. धाकटीला मी बारावीत हेच सांगत होतो, घोकू नको, पुस्तक मिट आणि लिही. पण तिथं प्रश्न परीक्षेतल्या मार्कांचा आहे. वन्स मोअर देणाऱ्याला त्या पदावर कुणी पेपर टाकणार नव्हतं.

आणि प्रयोगच मोजायचे तर इंग्लंडमध्ये ससेक्स विद्यापीठातला २०११ चाही मोजा. तीन वर्षांच्या मुलांना आठवडाभर त्याच त्या गोष्टी वाचून दाखवल्या, तर वेगवेगळ्या गोष्टी ऐकणाऱ्यांपेक्षा त्यांनी नवे शब्द जास्त उचलले. ज्यांच्या घरी नातवंडं आहेत त्यांना याचं नवल वाटणार नाही. माझ्या पुतणीचा मुलगा रोज चिमणी-कावळ्याची गोष्ट मागतो. परवा मी कंटाळून कावळ्याचं घर सिमेंटचं होतं म्हणालो. उठून बसला. 'शेणाचं!' मग झोपायला आणखी अर्धा तास.

एक कबुली द्यायची राहिली, नाहीतर साडू म्हणतील एकतर्फी लिहिलं. सगळंच पुन्हा वाचण्यासारखं नसतं. कॉलेजात असताना एका ऐतिहासिक कादंबरीनं मला वेड लावलं होतं, नाव घेत नाही. मागच्या दिवाळीत मोठ्या हौसेनं काढली. चाळिसाव्या पानावर ठेवून दिली. पात्रं बोलत नव्हती, भाषणं करत होती. वाईट वाटलं, पण वहीतल्या तिच्या शेऱ्यापुढं कंसात तारीख घालून 'आता नाही' असं लिहिलं. पुन्हा उघडली नसती तर ते 'अप्रतिम' जन्मभर तसंच राहिलं असतं, आणि मी ते लेकीच्या हातात दिलं असतं.

नवीन वाचू नये असं मी कुठंच म्हणत नाही. यंदाच्या वहीत अकरा नवी आहेत.

हे सगळं साडूंना लिहून पाठवण्याऐवजी मी रविवारी फोन केला. साडू रोज पहाटे अजिंक्यतारा चढतात. बँकेतून निवृत्त झाल्यापासून खाडा नाही. विचारलं, 'अण्णा, आज गेला होता का वर?' म्हणाले, 'म्हणजे काय!' मी म्हटलं, 'नवीन काही?' मग पंधरा मिनिटं बोलत होते. यवतेश्वरच्या अंगाला धुकं कसं अडकलं होतं, सज्जनगड आज एकदम जवळ आल्यासारखा दिसत होता, मंगळाईच्या देवळाकडं जाणाऱ्या वाटेवर कालच्या पावसानं कुठं निसरडं झालंय. मी मध्ये काही बोललो नाही. शेवटी तेच म्हणाले, 'तुम्ही एकदा या की. पण एकदाच आलात तर काही दिसणार नाही हं, चार दिवस राहायचं.'