योजना आखताय? मग स्वभावाला औषध शोधू नका

साहेब, वर्तनशास्त्राचा एकच नियम पाठ करा: आपोआप जे होतं, तेच माणूस होऊ देतो. काय आपोआप व्हावं, हे मात्र तुम्ही ठरवायचं. ब्रिटन सरकारने 2010 मध्ये यासाठी पथक नेमलं होतं, त्यांचा पहिला सल्ला ‘सोपं करा’. तो निम्माच ऐका.

पैसा शेतकऱ्याकडून यायचा असेल तर अगदी सोपं करा. पीक विमा 2020 च्या खरिपापासून ऐच्छिक आहे. पण पीककर्ज घेतलेल्याला विमा नको असेल, तर मुदतीच्या सात दिवस आधी बँकेत लेखी द्यायचं. नाही दिलं की हप्ता खात्यातून वळता. सोयाबीनला विमा रकमेच्या 2 टक्के, कापसाला 5. कुणाला हलावंसुद्धा लागत नाही.

पैसा शेतकऱ्याकडे जायचा असेल, तर त्याला हलवा. शेतात पाणी साचलं की 72 तासांत विमा कंपनीला नुकसानीची सूचना, ही अट उत्तम. ढगफुटी झाली की पहिल्या रात्री लाईट जाते, मग रेंज जाते, तोवर ओढ्यापलीकडचं रान दिसतही नाही. अ‍ॅपवर फोटो चढवताना नुसतं चक्र फिरतं. ओटीपी येतो, पण पुण्यात कंपनीत असलेल्या पोराच्या फोनवर. एवढं करूनही कुणी टिकलाच, तर आधारवर ज्ञानोबा आणि सातबाऱ्यावर ज्ञानदेव, हे आहेच.

कागद मागायचे ते जुलैत मागा. तमिळनाडूतल्या ऊस उत्पादकांचा 2013 चा अभ्यास वाचा: तोच शेतकरी काढणीआधी, हात रिकामा असताना, बुद्धीच्या चाचणीत मागे पडला, काढणीनंतर सुधारला. पेरणी, उसनवारी आणि सेतू केंद्राची रांग एकाच महिन्यात आणली की चुका तो स्वतःच करतो, तुम्हाला फक्त त्रुटी काढायच्या.

शेतकऱ्याने अ‍ॅपवर आपल्या पिकाची नोंद करायची, ती ई-पीक पाहणी. जाहिरातीत ‘ई-पीक पाहणी अजून लाखोंनी केलेली नाही’ असंच लिहा. वाचणाऱ्याला धीर येतो, आपण एकटे नाही. ‘शेजारच्या बहुतेकांनी केली’ असं छापाल तर तोही उठून करेल.

त्यातही महाराष्ट्राने 2025 च्या खरिपात कमाल केली. एकेका शेतापुरत्या स्थानिक आपत्तीची भरपाईच वगळली, सगळी भिस्त ठेवली ती महसूल मंडळातल्या, म्हणजे काही गावांच्या गटातल्या, निवडक शेतांवरच्या पीक कापणी प्रयोगाच्या सरासरीवर. त्याच सप्टेंबरात मराठवाड्यात पूर आला. तुमचं शेत वाहून गेलं आणि मंडळाची सरासरी भरपाईसाठी ठरलेल्या उंबरठ्याच्या वर राहिली, तर अर्ज करायचाच नाही. त्यामुळे त्या हंगामात 72 तासांची एकही तक्रार प्रलंबित नाही, हे अहवालात ठळक छापायला विसरू नका.